गणेशच्या गाडीचं स्टेअरिंग

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळ. जागा: पुंडलिकनगरमधलं आमचं घर, पुढची खोली. हजर: औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान असलेले फारूकभाई, बँकेतून निवृत्त झालेले देशपांडे सर, वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेला गणेश, आणि मी. बाहेरचं कुणी नाही.

बाहेरचं कुणी नाही, हे मुद्दाम लिहिते आहे. त्या सकाळी जे झालं त्याचा आळ मोलकरणीवर किंवा शेजारच्या मांजरावर टाकायची सोय राहू नये म्हणून. ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. असू दे, सुरुवात करते.

आम्ही चौघं विमानांच्या आणि गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो. खेळणी नव्हेत — हे दर पाहुण्याला नव्यानं सांगावं लागतं. किट मागवायचं, सुटे भाग घासायचे, जोडायचे, एअरब्रशनं रंगवायचे, बारीक चिन्हं पाण्यात भिजवून पंखांवर बसवायची. गट मी जमवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं अर्धं आयुष्य बाटल्यांना लेबलं लावण्यात गेलं आहे, त्यामुळे गटाचे रंग, थिनर, चहाची पाळी, सगळं माझ्याकडे. "आपा, तुम नै होते तो हम लोगां नुस्ते कबाडी थे," असं फारूकभाई म्हणायचे. मला ते आवडायचं.

माझं काम वाईट नाही, हेही सांगून ठेवते. माझ्या विमानांचे सांधे दिसत नाहीत. चिन्हं तिरकी बसत नाहीत. त्या वर्षी मी नॅट बनवलं होतं — आपल्या हवाई दलाचं ते छोटं लढाऊ विमान. सगळं वर्ष त्यात घातलं. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम. आजही.

गणेश आमच्यात नंतर आला. वडिलांचा चष्मा करायला फारूकभाईंच्या दुकानात गेला आणि तिथल्या काचेतली छोटी जीप बघून तिच्यासमोर उकिडवाच बसला. त्याच्याकडे किट नव्हतं, एअरब्रश नव्हता. त्याच्या वडिलांनी, बापूंनी, वैजापूरकडची शेती भावाच्या हवाली करून शहर गाठलं होतं आणि पुढं सगळी उमर टॅक्सी चालवली — पाहुण्यांना वेरूळ, दौलताबाद दाखवायची पांढरी अँबेसेडर. गणेश तीच गाडी बनवत होता. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून, तळहातावर मावेल एवढी.

पहिल्यांदा त्यानं ती टेबलावर ठेवली तेव्हा मी काय केलं? चुका शोधल्या. सापडल्याही. बॉनेटची कड जरा वाकडी होती, मागचं एक चाक किंचित आत गेलं होतं. मी त्या नीट, गोड शब्दांत सांगितल्या. "व्हय ताई, खरंय तुमचं," म्हणाला आणि हसला. राग नाही, काही नाही. तेवढ्यात देशपांडे सर चष्मा कपाळावर चढवून गाडीच्या खिडकीतून आत बघायला लागले. ड्रायव्हरच्या सीटवर मळका टॉवेल होता. बंपरला लिंबू-मिरची. चाकांच्या वर मातकट धुळीचे फटकारे. सर म्हणाले, "अरे, ड्रायव्हर आत्ता उतरून चहाला गेलाय की काय!"

माझ्या विमानाकडे लोक बघायचे. त्याच्या गाडीत डोकवायचे. फरक एवढाच. हा एवढासा फरक माणसाला किती पोखरतो, ते मी तुम्हाला कसं सांगू?

मग प्रदर्शन ठरलं. एका शाळेच्या सभागृहात, हौशी लोकांच्या वस्तूंचं. आयोजक आदल्या आठवड्यात माझ्याकडे वस्तू निवडायला आले. मधलं टेबल, दिव्याखालचं, एकाच वस्तूसाठी राखलेलं. माझ्या नॅटकडे बघून ते म्हणाले, "मॅडम, एकदम करेक्ट." करेक्ट! वर्षभर डोळे फोडून मिळवलेला शब्द — करेक्ट. पुढं सरकले आणि गणेशच्या गाडीपाशी थांबले. चहा निवला तरी तिथंच. शेवटी विचारलं, "स्टेअरिंग नाही बसवलं?"

"तयार हाये साहेब. येत्या रविवारी ताईंकडं बसवणार."

"मग मध्ये हीच ठेवू. पण पुरी करून आणा. अर्धवट वस्तू मधल्या टेबलावर ठेवत नाही आम्ही."

त्या स्टेअरिंगबद्दल सांगायला हवं. बापूंच्या खऱ्या गाडीच्या स्टेअरिंगला लाल-हिरव्या वायरीची वीण होती, त्यांनी स्वतः घातलेली. गाडी विकली तेव्हा ती वीण त्यांनी उसवून घरी आणली. गणेशनं छोट्या गाडीसाठी तारेचं कडं वाकवलं — करंगळीच्या नखाएवढं — आणि बापूंनी फारूकभाईंच्या भिंगाखाली त्यावर रेशमाचा एकेक तंतू गुंडाळून तशीच वीण घातली. लाल, हिरवा, लाल. त्यानंतर थोड्याच दिवसांत बापूंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. म्हणजे ते स्टेअरिंग पुन्हा होणार नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सवलत मला नाही.

तर तो रविवार. थंडी होती, मी मरून रंगाचा विणलेला स्वेटर घातला होता. गणेशनं काड्यापेटीतून स्टेअरिंग काढलं, चिमट्यात धरलं. मी शेजारी बसून दिवा जवळ धरला होता. चिमटा निसटला. टिक असा आवाज झाला, किंवा नाहीही झाला. "हलू नका!" गणेश ओरडला.

भाग उडाला की आमच्यात एक रीत आहे. आहे तिथं थिजायचं. पंखा चालू असेल तर बंद. पाऊल उचलायच्या आधी त्याखाली बघायचं. मग टॉर्च फरशीवर आडवा धरायचा, म्हणजे कणाएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. आमच्या फरश्या ठिपक्याठिपक्यांच्या मोझॅकच्या — त्यात काही सापडणं मुश्कील. म्हणून मी फरश्या वाटून दिल्या. दारापासून कपाटापर्यंत देशपांडे सर, खिडकीकडची बाजू फारूकभाई, टेबलाखाली गणेश, उरलेलं माझ्याकडे. असली कामं मला झटकन सुचतात. सर गुडघेदुखी विसरून खाली वाकले. फारूकभाई म्हणाले, "मिलतै यारो, स्टेरिंगच है, मुड के वापस आतै." कुणी हसलं नाही.

मीही गुडघ्यांवर होते. डाव्या हातात टॉर्च. आणि उजव्या हाताच्या बाहीकडे माझं लक्ष गेलं.

लोकरीत अडकलेलं होतं ते. लाल-हिरवं, मरून रंगात जवळजवळ बुडालेलं. मनगटाजवळ.

किती वेळ बघत राहिले? फार नसेल. "सापडलं" हा एक शब्द. तो तोंडात आला होता, हे शपथेवर सांगते — पण ही शपथ तुमच्या काय कामाची? त्याच क्षणी दुसरंही आलं. मधलं टेबल. दिवा. करेक्ट. मी बाही एक घडी वर दुमडली, अगदी अलगद, वस्तूला धक्का लागू नये अशी. आणि टॉर्च आडवा धरून माझ्या वाटणीच्या फरश्या शोधत राहिले.

एवढंच असतं तर एका क्षणाची चूक म्हणता आली असती. पण दुपारपर्यंत आम्ही शोधलं आणि सगळ्यांत जास्त मी शोधलं. पायपुसणी झटकली. कपाट सरकवायला लावलं. जाताना गणेशचा चेहरा उतरलेला होता, त्याला म्हणाले, "उद्या झाडताना नीट बघते. सापडलं की लगेच फोन." तो गेल्यावर बाही उलगडली आणि स्टेअरिंग एका छोट्या डबीत ठेवलं. डबीवर लेबल नाही लावलं. माझ्या घरातली ती एकमेव बिनलेबलाची डबी.

सोमवारी त्याचा फोन आला. "ताई, झाडताना काही?" नाही रे. मंगळवारीही आला. नाही रे. हा नंतरचा "नाही रे" जास्त सहज आला. पुढं मी आणखी एक केलं. माझ्या सुट्या भागांतलं एक काळं स्टेअरिंग, किटमधलं, त्याला नेऊन दिलं. "तोवर हे लाव," म्हटलं. फारूकभाईंना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आपा का दिल बडा है." मी ऐकून घेतलं.

प्रदर्शनात गणेशनं आपणहून आयोजकांना सांगितलं, "साहेब, माझी गाडी पुरी झाली नाय. ताईंचं विमान मधी ठेवा." माझं नॅट उचलून दिव्याखाली त्यानंच ठेवलं. माझ्यापेक्षा जपून.

दुपारी तो बापूंना रिक्षानं घेऊन आला. बापू भिंतीला धरून, मग टेबलाला धरून गाडीपाशी पोचले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी टॉवेल बघितला, लिंबू-मिरची बघितली, खुश झाले. मग खाली वाकून खिडकीतून आत बघितलं आणि तसेच राहिले.

"हे स्टेरिंग कुणाचं?"

"बापू, ते… हरवलं माझ्या हातनं."

"गाडी विकली तवा इंजिनाकडं वळून बघितलं नाय मी. पर वीण काढून आणली व्हती," बापू म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुला एवढंसं सांभाळता आलं नाय व्हय रं?"

गणेशनं नुसता बापूंचा निर्जीव हात टेबलावरून घसरत होता तो धरला. आणि मी? मी माझ्या विमानावरची धूळ ब्रशनं झटकत होते. त्यावर धूळ नव्हती.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी "कपाटाखाली सापडलं" म्हणून नेऊन द्यायचं होतं. एक साधी थाप. कबुलीसुद्धा द्यावी लागली नसती. अगदी खरं आहे. मग का नाही दिलं? बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की भीती वाटत होती, लाज वाटत होती, इतक्या उशिरा कोण विश्वास ठेवेल. तसं नव्हतं. इथवर आले आहे तर तेही सांगते.

प्रदर्शनानंतर गणेशनं प्रतिकृती करणं सोडलं. गट सोडला नाही. रविवारी येतो, सरांचे भाग घासून देतो, फारूकभाईंच्या जीपला धूळ लावून देतो. पण स्वतःचं काही हाती घेत नाही. एकदा मी विचारलं — विचारायची हिंमत बघा माझी — तर म्हणाला, "नाय ताई, माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला." हे ऐकल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, छातीत काहीतरी सैल झालं. बरं वाटलं. आता टेबलावर माझ्या तोडीचं काम करणारं कुणी नव्हतं. त्या बरं वाटण्यापायी मी डबी उघडली नाही. चोरी एका सकाळची होती. हे त्यानंतर दर रविवारी, जाणूनबुजून केलं.

त्यानंतर मी आणखी विमानं केली. एकापेक्षा एक करेक्ट. कुणी आत डोकवत नाही. तेही असू दे, माझ्या विमानांचं इथं काय?

मागच्या महिन्यात डबी पर्समध्ये घालून गणेशच्या घरी गेले. तो कामावर होता. बापू ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, आता फारसे उठत नाहीत. "कोण, मॅडम का? या, बसा की. गण्या पाळीला गेलाय." बसले. पाणी प्यायले. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता, बोटं थोडी वाकलेली. डबी त्या हातात ठेवायला किती वेळ लागला असता?

"काही काम व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "सहज आले होते."

डबी अजून पर्समध्येच आहे. नेऊन द्यायची आहे.