ज्याचा हात, त्याचीच बोटं

आमच्या मालकीणकाकूंनी ज्याचं मनगट दाबलं नाही, असा माणूस परभणी स्टेशनावर बहुधा अजून उतरायचाच असेल. मी पेडगावहून कॉलेजसाठी आले आणि त्यांची मागची खोली पाहायला गेले, तेव्हा पाणी किती वाजता येतं हे कळायच्या आधीच माझा हात उलटा होऊन त्यांच्या मांडीवर गेला होता. "हात गार पडलाय. लय घाबरायलीस तू," त्या म्हणाल्या. ते खरं होतं, पण थोडी मी त्यांनाच घाबरले होते.

त्यांच्या देवघराशेजारी ॲक्युप्रेशरचा, हाताचा एक रंगीत तक्ता लावलेला आहे, तळव्यावर एकेका आजाराचे ठिपकेच ठिपके. सकाळी लिंगपूजा झाली की भस्माचा हात त्या तक्त्यावरूनही फिरवायच्या. त्यामुळे करंगळीकडचे दोन-तीन ठिपके पुसून गेलेत. तिथले आजार कुणाला होऊ नयेत एवढंच मी म्हणते. भीतीवर मात्र त्यांचा बिंदू ठरलेला. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजायची, दोन शिरांच्या मधोमध अंगठा ठेवून दाबायचं आणि श्वास सावकाश सोडायचा. त्यातही नियम होता. "ज्याचा हात, त्याचीच बोटं. माझ्या जाड बोटानं तुझं मोजलं की बिंदू हुकला." बँकेतल्या नव्या कारकुनानं पासबुक घ्यायला खिडकीतून हात बाहेर काढला, तर काकूंनी तो धरूनच ठेवला. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा त्या वळून म्हणाल्या, "पोरगं थरथरायलंय, दिसत न्हाई का?" एकदा रेल्वे फाटकात चिडलेल्या रिक्षावाल्याला त्यांनी इतकं शांत केलं की फाटक उघडलं तरी तो डोळे मिटूनच बसला होता. पण शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी मनगटाला हातसुद्धा लावला नाही, सरळ दवाखान्यात नेलं. "हे भित्र्या माणसाचं हाय. दुखण्याला डॉक्टर."

भित्रं माणूस म्हणजे मीच. पहिल्या वर्षी सेमिनारला मी "नमस्कार" म्हणाले आणि खाली बसले. शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा अशीच गेली असती, तर वर्ष गेलं असतं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. वर्ष जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे तिथं कुणाला समजावून सांगणार?

तोंडी परीक्षेच्या दिवशी काकू रिक्षात माझ्याआधी बसल्या होत्या. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर त्यांनी माझं मनगट घेतलं आणि मोजायला लागल्या. स्वतःच्या बोटांनी. मला वाटलं बोलू नये, पण बोलले. "काकू, ज्याचा हात त्याचीच बोटं ना?"

त्या थांबल्या. आपल्या हाताकडं पाहिलं. "आगं बाई, मीच घाबरायलेय की."

त्यांचा हात बर्फासारखा गार होता. मी तो मांडीवर घेतला, त्यांचीच तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवून मोजलं आणि दाबत बसले. "जरा जोरात," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "श्वास सोडा, काकू," मी म्हणाले. तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं आणि मी उठून आत गेले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना लक्षात आलं, आज घाबरायचं राहूनच गेलं. पाचवा प्रश्न चुकला, पण पास झाले.

आता काकू घराची किल्ली माझ्याकडं देऊन लेकीकडं पुण्याला राहायला गेल्यात. फोनवर म्हणतात, "हितं कुणाला मनगट द्यायला वेळच न्हाई बघ." मी अजून मागच्याच खोलीत आहे, नोकरीच्या मुलाखती देते. निघायच्या आधी तक्त्यासमोर उभी राहून तीन बोटं मोजते. हात माझा, बोटंही माझीच, अगदी नियमाप्रमाणे. तरी बिंदू जरासा हुकल्यासारखा वाटतो.