येते म्हण

चार दिवसांपासून कस्तुरा धास्तावली होती. लेक यशोधरा जर्मनीत दोन वर्षं शिकून रविवारी दापोडीला परतणार होती, आणि उरलेले दिवस तिथलं शहर पाहत हिंडत होती. चाकणच्या कंपनीत जेवणाची सुट्टी झाली की कस्तुरा कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर डबा उघडून व्हिडिओ कॉल लावायची.

बुधवारी पोरगी चारशे पायऱ्या चढून मनोऱ्यावर उभी. "मागं सर गं, कठड्याला टेकू नको!" कस्तुरा एवढ्यानं ओरडली की वॉचमन धावत आला. गुरुवारी पोरगी होडीत. "पोहता तरी येतं का तुला?"

पण खरी धास्ती उंचीची नव्हती, पाण्याचीही नव्हती. त्या शहराबद्दल बोलताना पोरीच्या आवाजात येणाऱ्या मायेची होती. आपल्या गल्लीबद्दल अशी ती कधी बोलली नव्हती.

शनिवारी यशोधरा नदीवरच्या जुन्या पुलावर होती. "बघ आई, शेवटचं," म्हणत तिनं फोन फिरवला. पलीकडे लाल कौलांची घरं दिसली.

कस्तुराला दोन वर्षांपूर्वीचा विमानतळ आठवला. तेव्हा घाईत पोरगी "जाते गं" म्हणाली, आणि कस्तुरानं तिला चारचौघांत झापलं होतं, "जाते काय? जिथं परत यायचं तिथून निघताना येते म्हणावं!"

फोनमध्ये यशोधरानं कौलांकडं बघून हात हलवला.

"येते हं," ती हळूच म्हणाली.

कस्तुराचा घास हातातच राहिला. आईनं शिकवलेलं पोरगी विसरली नव्हती.