गुरुवारची व्हेजिटेबल प्लेट

टेक्सासमधल्या शेरमन गावात नव्यानं आलेल्या मराठी माणसाला दोन कागद लागत: सोशल सिक्युरिटीचं कार्ड आणि सुलेखा खांबेटेची यादी. कार्डाला उशीर होई, यादीला कधीच होत नसे. सुलेखा तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथल्याच मशीनवर ती यादीच्या झेरॉक्स काढायची, आणि नवं बिऱ्हाड आलं की दडप्या पोह्यांच्या डब्याबरोबर एक प्रत पोचवायची. १९८५ साली गावात भारतीय घरं अकरा आणि भारतीय दुकान तासाभरावर डॅलसला. अशा ठिकाणी बाहेर जेवायला जायचं कुठं, आणि गेल्यावर गवत खायचं की काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही यादी.

यादीतलं एकेक टिपण वाचण्यासारखं असे. हायवेवरच्या स्टेकहाऊसपुढं तिनं लिहिलं होतं, ‘नावाला घाबरू नये. भाजलेला बटाटा पोटभरीचा, सॅलड हवं तेवढं. शेजारच्या ताटाकडे बघू नये.’ बार्बेक्यूच्या दुकानापुढं, ‘वास उत्तम. आपल्यासाठी पांढरा ब्रेड आणि काकडीचं लोणचं एवढंच. सासूसासऱ्यांना नेऊ नये.’ आणि सगळ्यात वर, तीन चांदण्या देऊन, मेबल्स किचन. कोर्टासमोरच्या चौकातलं, लाल रेक्झिनच्या बाकांचं, दुपारी तीनला बंद होणारं. तिथं व्हेजिटेबल प्लेट मिळे. फळ्यावरच्या आठदहा भाज्यांतल्या कुठल्याही चार निवडायच्या. घेवड्याच्या शेंगा, चॉकलेटी दाण्यांची उसळ, पालकासारखी शिजवलेली कसलीशी पालेभाजी, उकडलेला मका. यादीत पुढं ठसठशीत अक्षरांत होतं, ‘मांस अजिबात नाही. विचारून खात्री केली आहे. मक्याच्या पावात अंडं असतं, तो परत करावा.’

आणि बाईनं खरंच विचारलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. वाढणारीनं तिन्ही वेळा हसून सांगितलं होतं, ‘‘नो मीट, हनी.’’ सुलेखाला आपल्या चौकसपणाचा थोडा गर्व होता, तो असा.

त्या वर्षीच्या जानेवारीत विवेक मगदूमचे वडील सांगलीहून आले. भूपाल मगदूम, हळदीचे अडत व्यापारी, वय एकोणसत्तर. बायको गेल्यावर मुलानं हट्टानं आणलं आणि आणून घरात बसवलं, कारण मुलगा आणि सून दोघंही सकाळी आठला कामावर जात. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, रस्त्यानं चालावं तर चालणारं दुसरं माणूस नाही. काका खिडकीशी बसून जाणाऱ्या गाड्या बघत. सुलेखाला गुरुवारची सुट्टी असायची. तिला त्यांचा तो खिडकीतला चेहरा बघवेना. तिनं विचारलं, ‘‘काका, माझ्याबरोबर जेवायला येता का बाहेर?’’

काका घरंदाज जैन. म्हणाले, ‘‘कांदा-लसणाची अडचण मी सांगलीतच ठेवून आलोय, पोरी. मुलाच्या संसारात खोडा नको. पण जीव मारलेलं काही पोटात जाता कामा नये, एवढं बघ.’’

सुलेखा म्हणाली, ‘‘माझ्यावर सोडा.’’

त्यांनी सोडलं. तेव्हापासून दर गुरुवारी साडेअकराला काका टोपी घालून दारात उभे. मेबल्समध्ये त्यांचं टेबल ठरून गेलं. मालकीण मेबल गल्ल्यावरून हात हलवायची, काका नमस्कार करायचे. उसळीवर त्यांचा फार जीव. ‘‘आमच्याकडची चव नाही, पण काहीतरी आहे हिच्यात,’’ असं म्हणत ते वाटी पुसून खात. मक्याचा पाव सुलेखा आठवणीनं परत पाठवी. जेवताना काका बोलत, बायकोबद्दल, हळदीच्या सौद्यांबद्दल. एकदा त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. कुठल्याशा लग्नात त्यांच्या खाण्यात नकळत अंडं घातलेला केक आला होता, दोन दिवस लागोपाठ. कळल्यावर त्यांनी मुनिमहाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, जितकी जेवणं तितके उपवास. काकांनी लागोपाठ दोन कडक उपवास केले, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. ‘‘मोजून फेडायचं,’’ काका म्हणाले. ‘‘नकळत झालं म्हणून सूट नाही.’’

मे महिन्यात सुलेखाच्या मनात आलं, ही उसळ घरी करून काकांना चकित करावं. तिनं मेबलला कृती विचारली. मेबल खूश झाली. ऑर्डरच्या वहीतलं पान फाडून तिनं तिथल्या तिथं लिहून दिलं, आणि पहिलीच ओळ होती बेकनच्या, म्हणजे डुकराच्या चरबीची, दोन मोठे चमचे.

सुलेखा गल्ल्यापाशी उभी राहिली ती राहिलीच. तिनं कसंबसं विचारलं, शेंगांतही? मेबल म्हणाली, अर्थात, शेंगांत, पालेभाजीत, सगळ्यात, त्याशिवाय चव कुठून येणार? आणि यात मांस नाही म्हणता? मेबलला प्रश्नच कळेना. चरबी म्हणजे मांस थोडंच! ती खोटं बोलली नव्हती. कुणीच खोटं बोललं नव्हतं.

गाडीत बसून सुलेखानं बोटांवर मोजलं. बर्फाचा एक गुरुवार आणि काकांच्या तापाचा एक सोडला तर पंधरा जेवणं. तिला स्वतःची शरम वाटली, यादीची वाटली, तीन चांदण्यांची वाटली. अंड्याचा पाव परत पाठवत होतो आपण, आणि डुक्कर वाटीनं वाढत होतो.

त्या संध्याकाळी तिनं विवेकला गाठलं. सगळं सांगितलं.

‘‘प्लीज, त्यांना सांगू नकोस यार,’’ तो म्हणाला. ‘‘तू ओळखत नाहीस त्यांना. पंधरा म्हणजे पंधरा करतील. इन्सुलिन चालू आहे त्यांचं. डॉक्टरनं एक जेवणसुद्धा स्किप करायला मनाई केलीय.’’

‘‘आणि न सांगता त्यांच्या समोर बसू कशी?’’

‘‘बसू नकोस. काहीतरी एक्सक्यूज दे.’’

दोन गुरुवार तिनं सबबी दिल्या. एकदा गाडी बिघडली, एकदा लॅबमध्ये काम निघालं. तिसऱ्या गुरुवारी काकांनीच फोन केला. ‘‘माझं काही चुकलं का गं?’’ त्यांनी विचारलं. त्या आवाजानं ती हलली. म्हातारा माणूस परमुलखात टोपी घालून दारात उभा राहतोय, आणि आपण त्याला टाळतोय, आणि त्याला वाटतंय चूक त्याची.

ती गेली, आणि दारातच बोलून टाकलं. ‘‘काका, मेबलच्या भाज्यांत डुकराची चरबी असते. मला माहीत नव्हतं.’’

काका दाराशेजारच्या खुर्चीवर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, ‘‘कधीपासून?’’

सुलेखाला उत्तर माहीत होतं. ते तिच्या तोंडून निघेना. ‘‘विचारावं लागेल,’’ ती म्हणाली.

‘‘मग चल, विचारू. अंदाजानं फेडता येत नाही.’’

मेबल्समध्ये दुपारची गर्दी होती. काका टेबलाकडे गेलेच नाहीत, सरळ गल्ल्यापाशी जाऊन उभे राहिले. सुलेखानं मेबलला इंग्रजीत सगळं सांगितलं: हे प्राणी खात नाहीत, यांचा धर्म आहे, आणि त्यांना विचारायचं आहे की भाज्यांत चरबी कधीपासून घालता. मेबलचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. तिनं गल्ल्यावरून हात पुढं करून काकांचा हात धरला आणि म्हणाली, माझी आई करायची तेव्हापासून, हनी. आम्हाला दुसरी रीतच माहीत नाही. मला फार वाईट वाटतंय, सांग त्यांना.

‘‘काय म्हणतीय गं ती?’’ काकांनी विचारलं.

त्या गर्दीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. सुलेखानं काकांच्या हाताकडे पाहिलं. मनगटाची हाडं वर आलेली, कातडी सैल.

‘‘म्हणते, आधी तेलच वापरायचे,’’ सुलेखा म्हणाली. ‘‘मागच्या वेळी आपण आलो, त्या दिवसापासून चरबी सुरू केली.’’

‘‘म्हणजे एकदाच?’’

‘‘एकदाच.’’

काकांनी डोळे मिटले. मग मेबलच्या हातावर दुसरा हात ठेवून म्हणाले, ‘‘सांग तिला, रडू नको म्हणावं. तिनं काय मुद्दाम केलं?’’ सुलेखानं हे वाक्य मात्र जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

शुक्रवारी काकांनी उपवास केला. विवेक रजा काढून घरी थांबला, दर तीन तासांनी साखर तपासत राहिला. शनिवारी सकाळी पारण्याला सुलेखानं यावं असा काकांचा निरोप आला. जाऊ नये असं तिला फार वाटलं. पण न जाण्यासाठी सबब लागली असती, आणि सबबींचा तिला आता वीट आला होता.

काका पाटावर बसले होते. एका दिवसात चेहरा ओढला होता. सुनेनं मुगाचं कढण पुढं ठेवलं. काकांनी वाटी उचलली, पण हात इतके थरथरत होते की कढण हिंदकळून सदऱ्यावर सांडलं. विवेकनं पुढं होऊन वाटी धरली. धरताना त्यानं सुलेखाकडे पाहिलं. त्या नजरेत आभार होते, आणि ते घ्यायची तिची तयारी नव्हती.

‘‘थांब रे,’’ काका म्हणाले. ‘‘पहिला घोट हिला दे.’’

‘‘मला कशाला, काका?’’

‘‘तुझ्यामुळं वाचलो म्हणून. तू गप्प बसली असतीस तर मला कुठं कळणार होतं? दर गुरुवारी खात राहिलो असतो. आपलं पोरगंसुद्धा लपवेल असली गोष्ट. तू लपवली नाहीस.’’

विवेकनं मान खाली घातली. सुलेखाला वाटलं, आत्ता सांगावं. पंधरा, काका, पंधरा वेळा. पण काकांनी विवेकच्या हातातून वाटी घेऊन तिच्यापुढं धरली होती, दोन्ही हातांनी, आणि त्या हातांतली वाटी एका उपवासानंतर अजून थरथरत होती.

तिनं वाटी घेऊन कढणाचा पहिला घोट घेतला. काका समाधानानं बघत होते.