बंद की बंत?

हे मी सांगायचं नव्हतं. ‘सबस्टेशनातलं गल्लीत सांगायचं न्हाय,’ असं आप्पांनी बजावलंय. आमचे आप्पा निपाणीजवळच्या सबस्टेशनात मेकॅनिक आहेत आणि जेवताना रोज काहीतरी सांगतात. माझ्याकडं इतकं साठलंय, की गणिताच्या तासालाही हसू येतं! वर्गात मी फारशी बोलत नाही, म्हणून लिहिते.

तिथं दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आहेत, पोटात तेल भरलेले. दुसऱ्या गावात तसलाच एक फुटला आणि रात्रंदिवस जळत राहिला. तेव्हापासून आप्पा ड्यूटीवर गेले, की परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो.

* * *

ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो! काचेच्या बरणीतून. बरणीतले निळे खडे हवेतली ओल शोषतात. ओल तेलात शिरली तर घात. खडे गुलाबी झाले की बदलायचे.

एकदा मोठे साहेब येणार म्हणून रंगाऱ्यानं नंबर दोनच्या ट्रान्सफॉर्मरला रंग दिला. बरणीलासुद्धा, चकचकीत चंदेरी! आप्पांनी रंग खरवडला, तर आत सगळे खडे गुलाबी.

‘मेकअप केला न्हवं,’ बसूकाका म्हणाले, ‘लाजलाय त्यो!’

* * *

बसूकाका म्हणजे कंट्रोल रूमचे ऑपरेटर. गोकाककडचे. मराठी झकास बोलतात, पण घाईत तोंडातून कन्नडच निघतं.

एकदा तेलाचा नमुना तपासणीत नापास झाला. तेलात पाणी! इंजिनिअर मॅडम पळत आल्या.

‘बाटली कुणी दिली?’ आप्पांनी विचारलं.

‘मी!’ काका ऐटीत म्हणाले. ‘चार येळा धुतली. आत्ताच!’

कोरड्या बाटलीतून पुन्हा तपासणी झाली. मॅडम म्हणाल्या, ‘ट्रान्सफॉर्मर पास. काका नापास!’

* * *

ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड होऊन आत गॅस जमला की कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते. एका दुपारी मॅडमना घंटेत चिंधी कोंबलेली सापडली.

‘सारखी वाजतीया, जेवू देईना,’ काका म्हणाले.

‘आजारी माणूस कण्हतोय म्हणून तोंडात बोळा कोंबता?’

मॅडमनी तिथल्या तिथं नंबर दोन बंद करायला लावला. उघडून बघितलं, तर आतला एक सांधा जळून काळा पडलेला. वेळेवर सापडला! त्या दिवशी आप्पांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

* * *

आता शेवटचा. नंबर दोनवर काम होतं. सकाळपासून लाइनच नव्हती. शिडीवर चढण्याआधी आप्पांनी फोन केला, ‘काका, बंद?’

काकांना ऐकू आलं ‘बंत?’ कन्नडमध्ये बंत म्हणजे आली. लाइन तर नुकतीच आली होती. काका आनंदानं म्हणाले, ‘बंत, बंत!’

आप्पांना ते ‘बंद, बंद’ वाटलं. त्यांनी शिडी लावली. पण चढण्याआधी करंट असला की वाजणारी टेस्टरची काठी वर धरायची, ही त्यांची सवय. काठी किंचाळली! आप्पांनी शिडी काढून आडवी ठेवली.

मॅडमनी त्याच दिवशी नियम केला: बंद नाही, बंत नाही. ट्रान्सफॉर्मर बंद झाला की म्हणायचं, ‘मेला.’

पुढच्याच आठवड्यात आप्पा मोबाईल घरी विसरले. दुपारी तो वाजला. आईनं उचलला. पलीकडून काका ओरडले, ‘मेला! मेला!’

आई भिंतीला धरून खाली बसली. मी फोन घेतला. ‘कोण मेलं, काका?’

‘नंबर दोन गं!’

‘आणि आप्पा?’

‘खिडकीतनं दिसतोय की! शिडीखाली हुभा हाय. फोन उचलंना झालाय.’

संध्याकाळी आप्पा दारात आले. आईनं आधी त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

‘आई गं!’ आप्पा ओरडले.

‘बरं झालं,’ म्हणत आई चहा टाकायला आत गेली.

आप्पांनी दंड चोळत हळूच विचारलं, ‘हिला काय झालं गं?’

मी म्हटलं, ‘आप्पा, दुपारी तुम्ही मे—’

‘तेजू! कप घेऊन जा आधी!’ आतून आई ओरडली.