ज्वारीच्या दाण्याइतका फरक

ती घटना आठवली की आजही मला माझ्या उजव्या हाताची लाज वाटते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि तिथल्या ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी धावड्याकडच्या एका गावचा पोलीस पाटील पहिल्या एसटीने वर्दी घेऊन आला. आदल्या दिवशी मावळतीला भुईमुगात रानडुकरं शिरली, एका तरुण शेतकऱ्याने परवान्याच्या रायफलीने बार काढला आणि रायफल त्याच्याच तोंडावर फुटली. पोरगा जागीच गेला. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी जमादाराला घेऊन निघालो.

पंचनाम्यात बांधावर काडतुसाची फाटलेली पितळी पुंगळी सापडली. घरातून सहा काडतुसं जप्त केली. ती नवी नव्हती, जुन्या पुंगळ्या पुन्हा भरलेल्या होत्या. नवी काडतुसं परवान्यावर मोजकीच मिळत, त्यामुळे असे उद्योग चालत. पोलीस पाटलाने मला बाजूला घेतलं.

"साहेब, फौजी भरून देतो. सगळ्या गावाला ठावं हाय. अन् ह्या पोराच्या बापाचं अन् त्याचं शेताच्या वाटेवरून भांडण झाल्तं."

फौजी म्हणजे लष्कराच्या शस्त्र दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पन्नाशीचा बौद्ध माणूस. गावात सायकली आणि इंजिनं दुरुस्त करायचा. बापाशी भांडण असलं तरी पोरगा त्याच्याकडे नेहमी जायचा. गावाचं बोट इतक्या चटकन त्याच्याकडे वळलं, त्यामागे नुसती वाट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण परवाना नसताना काडतुसं भरणं हा गुन्हा होताच. मी त्याला अटक केली.

ठाण्यात मी ती सहा काडतुसं त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक उचललं, टोकाकडून पाहिलं, बोट फिरवलं आणि खाली ठेवलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्याच भरलीत, साहेब," तो म्हणाला.

"दारू जास्त घातलीस?"

तो गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. खाली मान घालून बसलेला माणूस म्हणजे गुन्हेगार, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकतो आणि तिथेच फसतो. माझा मूळचा स्वभाव तापट. मी त्याच्या तोंडात मारली. वयाने तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

मेलेल्या पोराचा म्हातारा बाप रोज सकाळच्या एसटीने येऊन ठाण्याच्या बाकावर बसे. येता-जाता मला एकच सांगे, "त्याला सोडू नका, साहेब. माझं एकच लेकरू व्हतं."

काडतुसं मी मुख्यालयातल्या शस्त्र दुरुस्तीच्या हवालदाराला दाखवली. त्याने विचारलं, "याच माणसाने भरलेली, पण कोणी न नेलेली आहेत का?" झडतीत फौजीच्या ट्रंकेत दोन सापडली होती. हवालदाराने ती शेजारी उभी केली. ट्रंकेतली काडतुसं त्या सहांहून ज्वारीच्या एका दाण्याइतकी जास्त उंच होती. त्यांच्यावर गोळी आणि पुंगळी जिथे मिळतात तिथे ओल जाऊ नये म्हणून लाखेचं बारीक लाल कडं होतं. पोराच्या घरातल्या सहांचं कडं खरवडलेलं होतं आणि गोळ्यांची टोकं चेपलेली.

"ह्यांच्या गोळ्या नंतर ठोकून आत घातल्यात," हवालदार म्हणाला. "गोळी खोल गेली की पुंगळीतली जागा कमी होते. दारू तेवढीच राहते. मग तो जोर जुन्या रायफलीला सोसत नाही."

परत येऊन मी म्हाताऱ्याला जबाबासाठी आत बोलावलं. कोठडी समोरच होती. मी विचारलं, "बाबा, काडतुसांना घरात कोणी हात लावला होता?"

"म्याच तर नीट केली," तो सरळ म्हणाला. "मॅगझिनीत बसत न्हवती. फौजीनं पोराला सांगितल्तं, एकेकच घाल म्हणून. मंग डुक्कर अंगावर आलं तं दुसरी कव्हा भरावी? मागच्या साली डुकरानं मांडी फाडली व्हती पोराची. म्हणून म्या लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकून बराबर बसवली."

तेवढ्यात कोठडीतून फौजी ओरडला. तीन दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"साहेब, लिहू नका ते! दारू म्याच जादा भरली. तसंच लिहा!"

तेव्हा मला सगळं समजलं. काडतूस उचललं त्या क्षणीच त्याने मोगरीच्या खुणा ओळखल्या होत्या. फौजीने नंतर मला सांगितलं की, बाप ठोकून बसवायचं म्हणतो, हे पोराने त्याला सांगितलं होतं आणि त्याने बजावून मना केलं होतं. ज्या म्हाताऱ्याने त्याची वाट अडवली होती, त्याला हे कळू नये म्हणून तो माझा मार खात होता.

म्हातारा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. "ह्यो असं का म्हणून राह्यला, साहेब?"

मला सांगावं लागलं. एवढं वाईट काम मी नोकरीत दुसरं केलं नाही. तो रडला नाही. उठून गजांपाशी गेला आणि म्हणाला, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय, बापू."

जबाब मी जसा होता तसाच लिहिला. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा बापावर आणि बेकायदा काडतुसं भरल्याचा फौजीवर दाखल झाला. फौजीची मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही तुमचं काम करून राह्यले व्हते." पण ते माझं काम नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गप्प बसणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो, हे शिकायला मला फौजीचा गाल लागला. त्यानंतर कोठडीतल्या माणसावर मी हात उचलला नाही.

दोघांनीही गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी दोघांना कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. दिवसभर ते एकाच बाकावर बसून होते. संध्याकाळी कोर्ट उठलं, शिपाई खिडक्या लावू लागला. फौजी उठून उभा राहिला, पण म्हातारा जागचा हलेना. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाबा, शिक्षा संपली. घरी जा."

त्याने वर पाहिलं. "एवढीच, साहेब?"

फौजीने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि एसटीकडे घेऊन गेला.