बिनपंख्याची पेटी

ह्यांच्या तळहाताएवढ्या संगणकासाठी मी धातूची पेटी निवडत होते.

"पंखा नाही? मग तापेल ना?"

"पेटीच तापते, काकू," दुकानदार म्हणाला. "आतली उष्णता अंगावाटे सोडते. आवाज अजिबात नाही."

हेही तसेच होते. माया असो वा राग, मोठ्याने काहीच नाही. त्यांनी माझ्यासाठी वाचून रेकॉर्ड करून ठेवलेली पुस्तकं ते गेल्यापासून मी या संगणकावर ऐकते. जुन्या पेटीतला पंखा त्यांच्या हळू आवाजावर सतत घरघरायचा.

आज नव्या पेटीत संगणक बसवला. पहिल्यांदाच पान उलटल्याचं ऐकू आलं, आणि त्याआधी बोट जिभेला लावल्याचंही.

"थुंकी नका हो लावू पुस्तकाला," मी सवयीने म्हणाले आणि कोमट पेटीवर हात ठेवून पुढचं पान ऐकत राहिले.