आईच्या खोलीतली फरशी

धाकट्या बहिणीने अबुधाबीच्या खलिफा सिटीत व्हिला भाड्याने घेतला, तेव्हा मला तिचा हेवा वाटला नव्हता. तिचा नवरा तेलाच्या कंपनीत मोठ्या पदावर होता. माझा नवरा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात, आणि आम्ही तिघं शारजाला, रोल्लातल्या वन बेडरूममध्ये. ते मी केव्हाच मान्य केलं होतं. हेवा वाटला तो मिरजेहून आई यायची ठरली तेव्हा.

"ताई, आईला मी ठेवून घेते," बहीण फोनवर म्हणाली. "तिच्या गुडघ्यांना आमच्याकडे बरं पडेल. फ्लोअर हीटिंग आहे ना."

तिच्या घरमालकाने स्वतःच्या म्हाताऱ्या आईसाठी व्हिलाच्या मागच्या बाजूला एक नवा भाग जोडून घेतला होता. एक झोपायची खोली, बाथरूम आणि छोटा हॉल. संगमरवरी फरशीखाली विजेच्या तारा टाकल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी भिंतीवर ऊब कमीजास्त करायचं एकेक बटण, थर्मोस्टॅट. जिथली फरशी हवी तिथली तापवायची. पण त्याच्या आईने अल ऐनमधलं जुनं घर काही सोडलं नाही, आणि तो भाग भाडेकरूंच्या वाट्याला आला. गल्फमध्ये फरशी तापवायची हे ऐकून मिरजेचे नातेवाईक हसायचे. पण जानेवारीत तिथे अनवाणी पाय टेकवून बघावा, मग कळतं.

आईला जमिनीवर बसायची फार सवय. भाजी निवडणं, पेपर वाचणं, सगळं जमिनीवर. डॉक्टरांनी गार फरशीवर बसणं बंद करायला सांगितलं होतं, त्यामुळे गरम फरशी म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. मी म्हणाले, "जा तिकडेच." आवाज अगदी साधा ठेवला.

तसं हे नवीन नव्हतं. मी लहान असताना आईला लांबच्या गावी शाळेत नोकरी लागली. धाकटी अंगावर पिणारी, म्हणून तिला बरोबर नेलं आणि मला मावशीकडे ठेवलं. मावशीने मला काही कमी पडू दिलं नाही. तरी सुट्टीत आई यायची तेव्हा तिच्या कडेवर ही असायची आणि मी दाराशी उभी राहून बघायची.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याची ड्यूटी संपली की आम्ही अबुधाबीला मुक्कामाला जायला लागलो. पहिल्याच वेळी माझी मुलगी त्या छोट्या हॉलमध्ये पालथी पसरली. "आजी, इट्स सो वॉर्म! कॅन आय स्लीप हिअर?" तिथली फरशी खरंच ऊबदार होती, जरा जास्तच. बहीण सगळ्यांना चपला काढायला लावून चालवत होती. आई तिच्याकडे बघून "छान आहे गं, फार छान आहे" म्हणत होती. मी चप्पल काढली नाही.

पुढच्या खेपेला दुपारी आईच्या खोलीत गेले. ती पलंगावर पाय वर घेऊन, शाल गुंडाळून बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि दचकून उठलेच.

"आई, ही फरशी गार आहे!"

"हळू बोल." तिने दाराकडे पाहिलं. "आल्यापासून तशीच आहे. ते बटण मी रोज फिरवते. पार टोकाला नेलंय. काही होत नाही."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"कशाला? इतक्या हौसेनं खोली लावलीय तिनं. वाईट वाटेल तिला."

"आणि मला सांगतेस?"

"तुला सांगता येतं," आई म्हणाली, आणि शाल नीट करू लागली.

आधी मला आनंदच झाला. तिच्याकडे राहून आईने मला सांगितलं होतं. पण स्वयंपाकघरात जाईपर्यंत त्या आनंदाची चव बिघडली. म्हणजे धाकटीला जपायचं, आणि मला वाईट वाटतं की नाही हा प्रश्नच नाही! बहीण ओट्याशी कोशिंबिरीला काकडी चोचवत होती. तिच्या अंगावर सुंदर गाऊन होता, कोथिंबिरीसारखा हिरवा. मला राहवलं नाही.

"आई तुझ्या त्या खोलीत रोज गारठतेय. फरशी बर्फ आहे तिथे."

तिने सुरी खाली ठेवली. "तुला सांगितलं तिनं?"

"हो."

"मला का नाही?" तिचे डोळे भरून आले. "माझ्याकडे राहते, माझ्या हातचं खाते, आणि सांगते तुला. नेहमीच तसं. तुझ्याशी बोलते ती खरं. मला नुसतं छान आहे, छान आहे. मी काय पाहुणी आहे तिची?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझं काही कुणाला हवंसं वाटेल, आणि तेही तिला, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. सांत्वन करावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पण ती तशीच हात पुसत मागच्या हॉलकडे निघाली, म्हणून मीही गेले.

"इथली फरशी इतकी तापते," ती हॉलच्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवत म्हणाली, "की मी हे अगदी खाली आणून ठेवते. तरी कमी होत नाही."

"आणि आई तिचं वर नेऊन ठेवते. तरी गरम होत नाही."

दोघींच्या एकदमच लक्षात आलं. बहिणीने हॉलचं बटण वर नेलं, मी आईच्या खोलीतलं बंद केलं. फरशी काही लगेच तापत नाही आणि लगेच निवतही नाही. जेवणं झाली, पुढच्या दिवाणखान्यात दोघींचे नवरे क्रिकेट बघत बसले, आणि आम्ही दोघी अनवाणी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालत राहिलो. चहाच्या वेळी बहीण आईच्या पलंगाशेजारी आडवी होऊन फरशीला गाल लावून पडली होती.

"ताई, इकडे ये. इथे, इथे हात लाव!"

कोमट होती. हॉलमधली गार पडत चालली होती.

"काय चाललंय तुमचं?" आई पलंगावरून विचारत होती. "पडलीबिडलीस का गं?"

तारा उलट्या जोडल्या होत्या. आईचं बटण हॉल तापवत होतं आणि हॉलचं बटण आईची खोली. आई आपली फरशी तापावी म्हणून बटण वर नेई, त्याने हॉल तापे. हॉल तापला म्हणून बहीण बटण खाली आणी, त्याने आईची खोली गार पडे. बिचाऱ्या दोघी रोज एकमेकींच्या उलट काम करत होत्या.

बहिणीच्या नवऱ्याने घरमालकाच्या माणसाला फोन केला. "कल पक्का आएगा, इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि पुढेही तेच म्हणत राहिला. तोपर्यंत आईच्या खोलीचं बटण हॉलमध्ये, म्हणजे बहिणीच्या हातात. रोज संध्याकाळी ती ते वर करायची आणि आईचे तळवे हातात घेऊन विचारायची, "पुरे का एवढं? की अजून?" आई पुन्हा खाली बसून मेथी निवडायला लागली. तिथे गारठा आहे म्हणून आईला लवकर शारजाला आणावं, असं माझ्या मनात शिजत होतं. ते खलास. दर गुरुवारी जाऊन मी ते तळवे धरणं बघायची आणि परतताना गाडीत कुणाशी बोलायची नाही.

शेवटचा आठवडा मात्र आई माझ्याकडे राहिली. मी बेडरूम तिला दिली, खाली जाड गालिचा अंथरला, नवा हीटर आणला. रस्त्यावरच्या दुकानांची वर्दळ आणि हॉर्न उशिरापर्यंत चालायचे. "झोप लागली का?" मी सकाळी विचारायची. "छान लागली," आई म्हणायची. मी अजून एक उशी आणून द्यायची.

एकदा कपडे वाळत घालून आत आले, तर आई फोनवर होती. पाठ माझ्याकडे होती आणि आवाज अगदी बारीक.

"नाही गं, कसली झोप! गाड्या काय, भोंगे काय. डोळ्याला डोळा नाही. पण तू तिला बोलू नकोस. इतकं करतेय माझ्यासाठी. वाईट वाटेल तिला."

मी तिथेच थांबले. तिकडे बहीण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तिला काय वाटत असेल ते मला नेमकं ठाऊक होतं, आणि त्याची मला असूया वाटली. तरीही मी गालातल्या गालात हसत होते. आईने वळून पाहिलं नाही. मी पाय न वाजवता पुढे गेले, रस्त्याकडची खिडकी घट्ट लावून घेतली, आणि चहाला आधण ठेवलं.